घोटीच्या दक्षिणेची जलविभाजक रेषा

घोटी हे गाव नाशिक जिल्ह्यातील दारणा नदीच्या खोऱ्यात असून, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ ई/१० या स्थलदर्शक नकाशावर ते कळसूबाई शिखरासह एकत्र दिसते. समोच्च रेषा, म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, येथे विलक्षण बोलक्या आहेत. लाव्हाच्या आडव्या थरांमुळे त्या कड्यांपाशी एकमेकींना चिकटतात आणि माचीवर एकदम विरळ होतात, त्यामुळे डोंगराच्या पायऱ्या कागदावरच मोजता येतात. कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर, महाराष्ट्रातील सर्वोच्च, ज्या रांगेत आहे ती रांग जलविभाजक, म्हणजे पावसाचे पाणी दोन खोऱ्यांत वाटून देणारी आहे: उत्तर उतारावरचे पाणी दारणेला, तर दक्षिणेचे प्रवरेला मिळते, आणि या वाटणीतील खरे सौंदर्य असे की दोन्ही प्रवाह अखेर गोदावरीतच एकत्र येतात. याच भूरचनेच्या आधारे दारणेवर १९१६ मध्ये, तर प्रवरेवर भंडारदऱ्यास १९२६ मध्ये धरण पूर्ण झाले, आणि डोंगरातले पावसाळी पाणी दूरच्या कोरड्या पठारावरील शेतांपर्यंत कालव्यांनी पोहोचू लागले.