‘निर्दोष’ या शब्दाची वाट

ता. ११ एप्रिल २००७ रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं उत्तर कॅरोलायना या संस्थानाचे मुख्य कायदे-अधिकारी रॉय कूपर वार्ताहरांसमोर उभे राहिले आणि ड्यूक विद्यापीठाच्या तीन खेळाडूंवरील सर्व आरोप मागें घेतल्याचें त्यांनीं जाहीर केलें. तेवढ्यावर ते थांबले असते, तरी कायद्याचें काम झालें असतें. खटला काढून घेणारा अधिकारी बहुधा पुरावा अपुरा असल्याचें सांगतो. आरोपी सुटतो, आणि संशय मात्र जागच्या जागीं राहतो. कूपर यांनीं तसें केलें नाहीं. हे तिघे निर्दोष आहेत, असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. सरकारी तोंडून क्वचितच निघणाऱ्या या एका शब्दासाठीं त्या तरुणांना तेरा महिने थांबावें लागलें होतें.

ते लॅक्रॉस खेळत. काठीच्या टोकाला बसविलेल्या जाळीच्या झोळीनें चेंडू झेलीत व फेंकीत तो प्रतिपक्षाच्या गोलांत घालावयाचा, असा हा खेळ. मूळ अमेरिकेंतील आदिवासींचा, परंतु अलीकडे तेथील सधन घरांतल्या मुलांचा. डरहॅम शहरांतील ड्यूक विद्यापीठाच्या संघांत ४७ खेळाडू होते, पैकीं ४६ गोरे. ता. १३ मार्च २००६ च्या रात्रीं संघनायकांच्या राहत्या घरीं मेजवानी झाली. दारू होती, आणि पैसे देऊन नाचण्यासाठीं दोन स्त्रिया बोलावल्या होत्या. त्यांपैकीं एका कृष्णवर्णीय स्त्रीनें तिघांनीं आपल्यावर बलात्कार केल्याची तक्रार केली. ती त्याच शहरांतील दुसऱ्या, कृष्णवर्णीयांसाठीं स्थापन झालेल्या विद्यापीठांत शिकत होती. मेजवानी शोभादायक नव्हती खरी. परंतु अशोभन वर्तन आणि बलात्कार यांत फार मोठें अंतर आहे, आणि पुढें वर्षभर नेमका त्याचाच विसर पडला.

तो कां पडला, हें समजण्यासारखें आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत काळ्या स्त्रीवर गोऱ्यांनीं केलेल्या अत्याचाराची दाद पिढ्यान्‌पिढ्या कोणी घेतली नव्हती. म्हणून ही हकीकत कानीं पडतांच अनेकांना ती खरी वाटली. उलट, त्याच दक्षिणेंत १९३१ सालीं अलाबामांतील स्कॉट्सबरो येथें नऊ काळ्या मुलांना अशाच खोट्या आरोपाखालीं बहुतेक फांशीच्या दारापर्यंत नेलें होतें, याची आठवण थोड्यांनाच झाली.

अमेरिकेंत जिल्ह्याचा सरकारी वकील लोकांच्या मतांनीं निवडला जातो. डरहॅमचे सरकारी वकील मायकेल नायफाँग यांची पक्षांतर्गत निवडणूक २ मे रोजीं व्हावयाची होती. आरोपाची चौकशी आणि मतांची याचना एकाच माणसाच्या हातीं आली. ४६ खेळाडूंचे नमुने तपासले. कोणाचाहि डीएनए जुळला नाहीं. तेव्हां ता. ४ एप्रिल रोजीं तक्रारदार स्त्रीला छायाचित्रें दाखविण्यांत आलीं, आणि तीं सर्व या एकाच संघांतील खेळाडूंचीं होतीं. ओळखपरेडींत इतर माणसें मिसळावयाचीं, हा साधा नियम. येथें बोट कोठेंहि ठेवलें, तरी तें खेळाडूवरच पडणार! १७ एप्रिलला दोघांवर आरोप ठेवले गेले. तिसऱ्यावर १५ मे रोजीं, पदवी मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं.

एक आरोपी त्या वेळीं अन्यत्र होता. बँकेच्या यंत्राचा कॅमेरा, वसतिगृहाच्या दाराची नोंद आणि त्याला घेऊन जाणारा टॅक्सीवाला, हे सर्व त्याचे साक्षीदार होते. परदेशांतून आलेल्या त्या टॅक्सीवाल्यानें प्रतिज्ञापत्र दिलें. थोड्याच दिवसांत दुकानांतील चोरीच्या एका जुन्या प्रकरणीं त्याला अटक झाली! न्यायालयानें त्याला पुढें निर्दोष सोडलें. या साऱ्या प्रकरणांत पदरचें गमावण्याचें भय असूनहि खरें बोलला, तो हा माणूस.

खेळाडूंच्या एका वकिलानें डीएनएचें शास्त्र स्वतः पुस्तकावरून शिकून प्रयोगशाळेचे शेंकडों कागद तपासले. ता. १५ डिसेंबर २००६ रोजीं न्यायालयांत प्रयोगशाळेच्या प्रमुखास कबूल करावें लागलें कीं, कित्येक अन्य पुरुषांचा डीएनए मिळाला होता व तें अहवालांतून वगळलें गेलें. तेथून खटला कोसळला. जून २००७ मध्यें नायफाँग यांची सनद रद्द झाली. न्यायालयाशीं खोटें बोलल्याबद्दल एक दिवस त्यांनीं कैदहि भोगली.

विद्यापीठानें मात्र निकालाची वाट पाहिली नव्हती. एप्रिल २००६ मध्येंच हंगाम रद्द झाला, प्रशिक्षकाला पद सोडावें लागलें, आणि दुसऱ्याच दिवशीं ८८ प्राध्यापकांच्या सह्यांची जाहिरात विद्यार्थ्यांच्या दैनिकांत झळकली. जाहिरातींत आरोपींचीं नांवें नव्हतीं. तरी अनेकांना तींत निकालाचा सूर ऐकूं आला. पुढें विद्यापीठानें तिघांशीं तडजोड केली, परंतु पदवी न झालेले दोघे तेथें परतले नाहींत. त्यांनीं अन्यत्र शिक्षण पुरें केलें. प्रशिक्षकानें २०१० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाला जगज्जेतेपद मिळवून दिलें. त्याच वर्षीं ड्यूकनें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, आणि २००६ चा हंगाम गमावलेले कांहीं खेळाडू, वाढवून दिलेल्या वर्षामुळें, त्या संघांत होते. शहरावरील दावा २०१४ पर्यंत चालला. खेळाडूंना शहराकडून पैसा मिळाला नाहीं. निरपराधांच्या शिक्षांची फेरतपासणी करणाऱ्या राज्याच्या आयोगाला शहरानें ५०,००० डॉलर द्यावेत, असें ठरलें. तक्रार खोटी होती, असें त्या स्त्रीनें स्वतः डिसेंबर २०२४ मध्यें उघडपणें सांगितलें.

त्या शहरांत दुसरीहि एक हकीकत होती. १९९५ सालीं याच नायफाँग यांनीं दुहेरी खुनाच्या आरोपावरून एका गरीब काळ्या माणसाला शिक्षा करविली होती. प्रेतांवरील डीएनए त्याचा नाहीं, हें तेव्हांहि ठाऊक होतें. त्याच्यासाठीं लगेच वकिलांची फौज उभी राहिली नाहीं. २०१६ सालीं न्यायालयानें शिक्षा रद्द केली, तोंवर एकवीस वर्षें तुरुंगांत गेलीं होतीं. आणि राज्यपालांनीं त्याला निर्दोष ठरविणारी माफी दिली ती २०२१ मध्यें. राज्यपाल होते रॉय कूपर.