प्रशिक्षकांचे अर्धवेळ उच्चशिक्षण (वऱ्हाड)

शाळा, आखाडा, क्रीडा संकुल किंवा क्रीडा प्रबोधिनी येथील काम न सोडता क्रीडा प्रशिक्षक आणि क्रीडा प्रशासक यांनी घेतलेले पदव्युत्तर वा त्या तोडीचे शिक्षण. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या जिल्ह्यांत, या शिक्षणाचे सर्वांत जुने रूप अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे उन्हाळी वर्ग हे होय. आजचे रूप विखुरलेले आहे : सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र, खेळसंघटनांचे परवाने आणि अर्धवेळ पीएच.डी. यांच्या मध्ये असलेली एम.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी मात्र पूर्णवेळच घ्यावी लागते. चाळीस पोरांना रोज पहाटे मैदानावर उतरवणाऱ्या माणसाला ती बहुधा घेता येत नाही.

उन्हाळी वर्ग : मंडळाची स्थापना १९१४ मध्ये झाली. संस्थापक म्हणून अंबादासपंत वैद्य आणि अनंत कृष्ण वैद्य या बंधूंची नावे घेतली जातात. सुरुवातीचे स्वरूप तालमीचे होते. १९२४ पासून मंडळाने उन्हाळ्याच्या सुट्टीत शारीरिक शिक्षणाचा अल्पमुदतीचा वर्ग चालवला आणि त्याला महाराष्ट्राबाहेरूनही विद्यार्थी येऊ लागले. विद्यार्थी म्हणजे बहुतेक शाळामास्तर, व्यायामशाळांचे चालक आणि गावोगावचे होतकरू वस्ताद. सुट्टी लागली की अमरावतीला यायचे आणि शाळा उघडण्याआधी शिकलेले घेऊन गावी परतायचे. लाठी, बोथाटी, बनेठी, जंबिया, लेझीम, कुस्ती, मल्लखांब, आट्यापाट्या, खोखो, हुतुतू असे विषय असत. त्यांच्या जोडीला कवायत, आज्ञा देण्याची पद्धत, शरीरशास्त्राची तोंडओळख आणि प्रथमोपचार शिकवले जात. मंडळाची ‘व्यायामविशारद’ ही पदविका पुढे शाळांमधून ओळखली जाऊ लागली.

या वर्गाचे महत्त्व नोंदवताना बहुतेक लेखक मंडळाच्या स्वातंत्र्यलढ्याशी असलेल्या नात्याकडे वळतात. हुतात्मा राजगुरू यांनी अमरावतीत व्यायामाचे शिक्षण घेतल्याचा उल्लेख सर्रास केला जातो. वर्गाची योजना मात्र तेवढीच लक्षात घेण्याजोगी आहे. शिक्षकाला नोकरी सोडायला लावायची नाही, त्याच्या रिकाम्या महिन्यांत शिकवायचे, आणि जे शिकवायचे ते त्याच्या गावच्या मैदानावर, फारशा साहित्याविना चालेल असेच निवडायचे. पुढे ‘सेवांतर्गत प्रशिक्षण’ या भारदस्त नावाखाली जे आले त्याचा सगळा हिशेब यात आधीच मांडलेला होता.

वर्ग अमरावतीला रुजण्यामागे प्रांतरचनेचाही भाग आहे. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणसंस्था काढली. ती मुख्यतः मुंबई प्रांतातील शिक्षकांसाठी होती. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत होते आणि १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले होते, पण ते अंतराने आणि भाषेनेही दूर. त्यामुळे वऱ्हाडच्या शिक्षकाला अमरावतीखेरीज सोयीचे ठिकाण नव्हते. याच काळात बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड (१९३६–४९) निघाले. मराठीतून खेळ शिकवणाऱ्याला त्या तोडीचा ग्रंथ नंतर मिळालेला नाही.

बर्लिन, १९३६ : ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाचे पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली बर्लिनला गेले आणि त्याने कबड्डी, मल्लखांब व इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. मंडळाला यजमानांकडून सन्मानपदक मिळाल्याचे सांगितले जाते. हे स्पर्धेतले पदक नव्हे. काही लोकप्रिय लेखांत तसा समज करून दिलेला आढळतो. प्रात्यक्षिकांमुळे कबड्डीला लगेच आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली असेही नाही : आशियाई स्पर्धांत ती १९९० मध्ये, बीजिंगला, पदकाचा खेळ झाली. १९४९ मध्ये मंडळाचे पथक स्टॉकहोमच्या लिंगियाड या व्यायाममेळाव्यालाही गेले होते. (पहा : मल्लखांब, कबड्डी.)

पदवी महाविद्यालय : मंडळाचे शारीरिक शिक्षण पदवी महाविद्यालय १९६७ मध्ये सुरू झाले. ते प्रथम नागपूर विद्यापीठाला जोडलेले होते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ (आता संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) स्थापन झाल्यावर ते त्याकडे आले. महाविद्यालयामुळे पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशी पूर्ण शिडी उभी राहिली. पण शिडीच्या पायऱ्या विद्यापीठीय वेळापत्रकाच्या झाल्या, आणि सुट्टीत येऊन शिकणारा मास्तर या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी उरला नाही. अमरावतीतच श्री शिवाजी शिक्षण संस्थेचेही शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे.

पतियाळा : राष्ट्रीय क्रीडा संस्था (एनआयएस) १९६१ मध्ये पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात सुरू झाली, १९७३ पासून तिला नेताजी सुभाष यांचे नाव आहे. तेथील प्रशिक्षण पदविका ही शासकीय क्रीडा मार्गदर्शक होण्याची रूढ पात्रता. ती पूर्णवेळ आणि निवासी आहे. नोकरदारासाठी संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग आहे आणि तो साधारणपणे उन्हाळ्यातच भरवला जात आला आहे. रचना अमरावतीच्या जुन्या वर्गासारखी. फरक इतकाच की येथे एकच खेळ घ्यावा लागतो. सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र आणि वर्षभराची पदविका यांना भरतीत एकच वजन द्यावे का, यावर क्रीडाशिक्षकांच्या संघटना आणि पदविकाधारक यांचे एकमत नाही.

खेळसंघटनांचे परवाने : फुटबॉलचे आशियाई महासंघाचे (एएफसी) परवाने, ॲथलेटिक्सचे स्तर, क्रिकेट मंडळाच्या पातळ्या, सर्व टप्प्याटप्प्याने आणि नोकरी सांभाळून करता येतात.

नियमांची चौकट : राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत पंधरा अभ्यासक्रमांचे मानदंड दिलेले आहेत. त्यांत बी.एड.ची पूर्णवेळ, दूरशिक्षणाची आणि तीन वर्षांची अर्धवेळ अशी तिन्ही रूपे आहेत. प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेलाही दूरशिक्षणाचे रूप आहे. डी.पी.एड., बी.पी.एड. आणि एम.पी.एड. यांना मात्र प्रत्येकी एकच रूप आहे, ते पूर्णवेळचे. एम.पी.एड. दोन वर्षांची, चार सत्रांची. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि आठवड्याला ३६ तास. महाराष्ट्रात प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते आणि तिच्यासोबत मैदानी चाचणी.

मैदानी विषय घरबसल्या शिकवता येत नाहीत, हे या भेदाचे समर्थन केले जाते आणि ते पूर्णपणे खोटे नाही. पण अर्धवेळ बी.एड. ही घरबसल्याची पदवी नाही; तिच्यातही समोरासमोरचे अध्यापन आहे, फक्त नोकरदाराच्या सवडीने. गणिताच्या शिक्षकाला जी सवलत मिळते ती कुस्तीच्या शिक्षकाला का नाही, याचे उत्तर विनियमांत सापडत नाही. गैरसोय वेळापत्रकातही आहे. शालेय क्रीडास्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात आणि जिल्हा, विभाग, राज्य असे टप्पे घेत हिवाळ्यात शिरतात. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा नेमक्या त्याच सुमारास येतात. ज्याचा संघ विभागापर्यंत पोहोचला तोच प्रशिक्षक परीक्षेला बसू शकत नाही, असा हा उफराटा प्रकार आहे.

असे असले तरी नोकरी सांभाळून उच्च दर्जाचे खेळाडू घडवणाऱ्यांची महाराष्ट्रात वाण नाही. रमाकांत आचरेकर (द्रोणाचार्य पुरस्कार, १९९०) स्टेट बँकेत नोकरीला होते. २०२३ मध्ये बर्लिनच्याच जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकाराची वैयक्तिक विजेतेपदे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी मिळवली. दोघांचे प्रशिक्षक प्रवीण सावंत सातारा पोलीस दलात नोकरी करत होते.

अर्धवेळ पीएच.डी. : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी पीएच.डी. अर्धवेळ करण्यास स्पष्ट परवानगी दिली. उमेदवाराला नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात : अर्धवेळ अभ्यासास परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे केले जाईल. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे. एकूण मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले उमेदवार यांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. स्त्रियांना पूर्ण मुदतीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजाही घेता येते.

म्हणजे सर्वांत वरची पदवी नोकरदाराला खुली आणि तिच्याआधीची बंद. ज्याने तरुणपणी एम.पी.एड. उरकून घेतली बहुधा त्यालाच या सवलतीचा लाभ. प्रबंध पीएच.डी.चा असला तरी ओढ बहुधा ‘शारीरिक शिक्षण संचालक’ या महाविद्यालयीन पदाची असते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार त्या पदासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते, शिवाय शारीरिक क्षमता चाचणी. तिशीपर्यंतच्या पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर कापावे. चाळिशीपर्यंत १५००, पंचेचाळीसपर्यंत १२००, पन्नाशीपर्यंत ८००. स्त्रियांसाठी वेळ ८ मिनिटांची आणि अंतरे याच वयोगटांत १०००, ८००, ६०० व ४०० मीटर. प्राध्यापकपदाच्या इतर कोणत्याही विषयात उमेदवाराला धावून दाखवावे लागत नाही. ही अट सर्व विषयांना लावली तर काय होईल, हा विचार करमणुकीचा आहे.

प्रबंधांचे विषय अजूनही शालेय मुलांच्या क्षमताचाचण्या, योगाचे परिणाम आणि दोन गटांची तुलना यांभोवती फिरतात. प्रशिक्षकाने आपल्याच संघाच्या चार हंगामांच्या सरावनोंदींवर प्रबंध लिहावा, ही कल्पना आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. अर्धवेळ संशोधकाचे खरे भांडवल मात्र ते आहे.

परदेशांतील रचना : लाइपझिगची क्रीडा अकादमी (१९५०–९०) ही पूर्व जर्मनीच्या पदकांमागची शाळा. तेथे पूर्णवेळ विद्यार्थ्यांबरोबर काम करणाऱ्या प्रशिक्षकांसाठी दूरशिक्षणाची शाखा होती. त्या राजवटीच्या उत्तेजकांच्या कारभारामुळे तिच्याविषयी बोलताना जपून बोलले जाते, तरी नोकरदार प्रशिक्षकाला पदवीधर करण्याची पद्धत म्हणून ती अभ्यासण्यासारखी आहे. पश्चिम जर्मनीत कलोनची प्रशिक्षक अकादमी १९७४ मध्ये निघाली. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम आज काम सांभाळून करता येतो. प्रशासकांसाठी ‘मेमॉस’ ही पदव्युत्तर पदवी १९९५ पासून ऑलिंपिक सॉलिडॅरिटीच्या पाठबळाने चालते : वर्षात मोजकी सत्रे, बाकी वेळ आपल्या कामावर, आणि आपल्याच संघटनेतल्या एखाद्या प्रश्नावर प्रकल्प.

महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ : कायदा २०२० चा, ठिकाण पुण्याचे बालेवाडी संकुल. क्रीडाविज्ञान, क्रीडातंत्रज्ञान आणि क्रीडा प्रशिक्षण हे आरंभीचे विषय म्हणून जाहीर झाले.

क्रीडानेतृत्व व प्रशासन : एम.पी.एड.च्या अभ्यासक्रमात क्रीडा व्यवस्थापन हा एक पेपर असतो.

पातूर : अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, अकोल्याहून सुमारे ३० किमी, अकोला–वाशिम मार्गावर, येथील कोरीव लेणी प्रसिद्ध आहेत. वऱ्हाडातल्या कोणत्याही तालुक्याच्या क्रीडाशिक्षकाची स्थिती येथून नीट दिसते. मुष्टियुद्धाची शासकीय क्रीडा प्रबोधिनी अकोल्यात, म्हणजे बसने तासाभरावर. हुशार पोरगा तिकडे धाडता येतो. अमरावती सुमारे १३० किमी, तेव्हा रोज ये-जा करून एम.पी.एड. शक्य नाही. डॉ. ह. ना. सिन्हा महाविद्यालय गावात आहे आणि ते अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे, पण ते कला-वाणिज्याचे. सुट्टीतला सहा आठवड्यांचा वर्ग करायचा तर पतियाळापर्यंतचा प्रवास, राहणे आणि शुल्क ही सोय ज्याची त्याने करायची, आणि परत आल्यावर जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा पहिल्या घंटेला हजर राहायचे.