परकोटाच्या आतला जमाखर्च

चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळ उभे राहून चार माणसांना विचारा, की शहराचा पैसा कशावर खर्च व्हावा. एक म्हणेल, हा गोंडकालीन परकोट जपा, जगात दाखवण्यासारखे आपल्याकडे तेवढेच आहे. दुसरा म्हणेल, भिंतीला काय चाटायचे, आधी नाली बांधा आणि नळाला पाणी द्या. तिसरा रामाळा तलावाचे नाव घेईल. चौथा म्हणेल, आपल्याला विचारतो कोण? या चौघांत मला चौथा महत्त्वाचा वाटतो. पहिल्या तिघांचा वाद पैसा कुठे जावा याचा आहे. चौथ्याचा प्रश्न हा निर्णय कोण घेतो याचा आहे, आणि तो आजचा नाही.

राजाचा खर्च आणि तुकूम

चांदा शहर वसवण्याचे श्रेय गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाला दिले जाते. सशाने कुत्र्याचा पाठलाग केला आणि त्या मागावर परकोटाची रेषा आखली गेली, ही दंतकथा इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. परकोट पूर्ण व्हायला मात्र पिढ्या गेल्या. चार दरवाजे (जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर) आणि पाच खिडक्या. तटाचा घेर आज साधारण 11 किलोमीटर सांगितला जातो. पुढे राणी हिराईने बीरशहाची समाधी आणि महाकालीचे मंदिर उभारले. हा सगळा राजाचा खर्च होता आणि राजाला हिशेब विचारण्याची सोय नव्हती.

तरीही त्या काळातली एक पद्धत मला आजच्या अंदाजपत्रकापेक्षा शहाणी वाटते. मेजर ल्युसी स्मिथने 1869 साली चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला. त्यात हीरशहा राजाच्या नावावर सांगितला जाणारा एक नियम येतो. जो जंगल साफ करील त्याला ती जमीन. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येणारी जमीन. तलावासाठी दिलेल्या अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. ताडोबा रोडवरच्या तुकूम वस्तीच्या नावात तोच शब्द आज रोज आपल्या तोंडी आहे.

या नियमातली गोष्ट साधी होती. काम करणाऱ्याचा फायदा काम टिकण्यात होता. तलाव फुटला तर बांधणाऱ्याचेच शेत कोरडे पडणार. म्हणून पाळ फुटू नये, गाळ साचू नये याची काळजी त्यालाच. आज रस्ता बांधणारा बिल उचलून निघून जातो आणि दोन पावसाळ्यांनी खड्ड्यात आपण पडतो. गोंडांचे राज्य परत आणा असे मी म्हणत नाही. खर्च करणारा आणि परिणाम भोगणारा यांच्यातले अंतर तेव्हा कमी होते, एवढेच सांगतो.

जकात या शब्दाची गोष्ट

1751 मध्ये चांदा नागपूरच्या भोसल्यांकडे गेले. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी परकोट फोडला. 1853 नंतर नागपूरचे राज्यच खालसा झाले. गोंडांच्या राजवाड्याच्या जागी तुरुंग आला. 21 ऑक्टोबर 1858 रोजी वीर बाबूराव शेडमाके यांना तिथेच फाशी दिले गेले. त्याच तुरुंगाच्या आवारात गैबीशाह वलींचा दर्गा आहे. मोहरममध्ये तो लोकांसाठी उघडतो, तेव्हा तिथल्या रांगेत सगळ्या जातीधर्मांची माणसे असतात.

1867 साली चांद्याला नगरपालिका मिळाली. सुरुवातीला तिची सूत्रे सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती होती. 1882 मध्ये लॉर्ड रिपनच्या ठरावाने लोकनियुक्त सभासदांचा आग्रह धरला आणि हळूहळू कारभारात नागरिक आले. 1901 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 17,803 होती. एवढ्या गावात कोणाच्या मोहल्ल्यात विहीर झाली आणि कोणाच्या नाही, हे सगळ्यांना ठाऊक असणार.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला इथे एक शब्द थांबवतो. आपल्या नगरपालिकांचे मोठे उत्पन्न अनेक दशके 'जकात' होते. नाक्यावर मालावर घेतला जाणारा कर. हा शब्द अरबी 'जकात'मधूनच मराठीत आला. तसे पाहिले तर सरकारी पैशाची आपली अर्धी मराठी याच वाटेने आली आहे: जमा, खर्च, हिशेब, वसूल, बाकी, मंजूर, रक्कम. पण शब्द आला तेव्हा एक गोष्ट मागे राहिली. दीनमधली जकात कोणाकडून घ्यायची हे ठरलेले आहे, आणि कोणावर खर्च करायची हेही. कुरआनच्या सूरह तौबामध्ये त्याचे आठ हक्कदार मोजून सांगितले आहेत. गोरगरीब, कर्जात बुडालेला, वाटसरू असे. घेणाऱ्याला ती मनाला येईल तशी उधळता येत नाही, कारण ती त्याच्याकडे अमानत असते. नाक्यावरच्या जकातीला असे काही बंधन नव्हते. गाडी थांबली, पावती फाटली, पैसा तिजोरीत. पुढचे कोण विचारतो?

तरी ती जकात शहराची स्वतःची होती. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये बंद झाली. महापालिकांत तिच्या जागी एलबीटी आला. 2015 मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी संपला आणि 2017 पासून जीएसटी आहे. आता शहराच्या पैशाचा मोठा भाग वरून, अनुदान म्हणून येतो. ज्याच्या हाती अनुदान, त्याच्या हाती निर्णय. नळाचे काम पालिकेच्या सभेत ठरण्याऐवजी मुंबईत ठरू लागले आणि पालकमंत्री हा शहराचा खरा महापौर झाला. चौथ्या माणसाच्या 'विचारतो कोण' या प्रश्नाचे एक कारण इथे आहे.

भिंत कोणाची, घर कोणाचे

परकोटाकडे परत येऊ. 2017 च्या मार्चपासून बंडू धोत्रे आणि त्यांच्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी रोज पहाटे किल्ल्याची सफाई सुरू केली. झुडपे तोडली, कचरा उपसला, बुरूज मोकळे केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख झाला. 2021 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रामाळा तलावासाठी धोत्रे यांनी अन्नत्याग केला, तेव्हा कुठे सरकारदरबारी हालचाल झाली. या कामाला सलाम केलाच पाहिजे.

पण भिंतीची दुसरी बाजूही बघावी लागेल. परकोट केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर कायदा असा, की संरक्षित वास्तूपासून 100 मीटर नवे बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत परवानगीशिवाय काही नाही. ताजमहालसारख्या एकट्या इमारतीला हा नियम ठीक. पण 11 किलोमीटरच्या भिंतीला तो लावून पाहा. दोन्ही बाजूंचे 100 मीटर धरले तर साधारण 220 हेक्टर जमीन होते, तीही शहराच्या पोटातली. या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे सगळ्या समाजांची आहेत: आदिवासी, दलित, ढिवर, तेलुगू, मुसलमान. भिंत पडली तर दुरुस्तीसाठीसुद्धा परवानगी मागायची. घरकुल मंजूर होण्यातही हीच अडचण. मग परकोट जपा म्हणणाऱ्यावर त्यांचा राग निघतो, आणि परकोटावर प्रेम करणारा त्यांना अतिक्रमणवाले म्हणतो.

खरे तर हे दोघे एकाच बाजूचे आहेत. भिंतीजवळचे लोक भिंतीचे राखणदार होऊ शकतात, पण त्यांना त्यातून काही मिळाले पाहिजे. तुकूमची पद्धत हेच सांगत होती. संवर्धनाच्या निधीतला काही वाटा त्या पट्ट्यातल्या घरांच्या दुरुस्तीला, नाल्यांना का नसावा? परवानगीचे अर्ज भरून घेणारी एक खिडकी महापालिकेत का नसावी? परकोटाला पाच खिडक्या होत्याच, ही सहावी.

कोळशाचा पैसा, पुराचे पाणी

पैसा नाही, हे उत्तर चंद्रपुरात पटत नाही. इथले महाऔष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॉटचे आहे. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. त्याची किंमत आपण छातीत धूर घेऊन दिली. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांनी चौथे होते. याच नुकसानीची भरपाई म्हणून 2015 च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणपट्टा 2015 च्या आधीचा असेल तर रॉयल्टीच्या 30 टक्के, नंतरचा असेल तर 10 टक्के रक्कम त्यात जमा होते. सुरुवातीला नियम असा होता, की किमान 60 टक्के पैसा पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण अशा कामांवर जावा. हा नियम वाचताना मला जकातीचे हक्कदार आठवतात. पैसा ज्याच्या दुःखातून आला, त्याच्याकडे तो परत गेला पाहिजे.

तो जातो का, हे रहमतनगरात जाऊन पाहावे. इरई नदीच्या काठची ही वस्ती. 2022 च्या जुलैत पुराचे पाणी इथे आणि आसपासच्या वस्त्यांत शिरले, माणसे घरे सोडून शाळांमध्ये गेली. नदीकाठच्या खाणींचे मातीचे ढिगारे, उथळ झालेले पात्र आणि पूररेषेत वाढलेली घरे, याबद्दल पर्यावरणाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. स्वागतकमानी आणि रोषणाई दिसते, फोटो निघतो. नदीचा उपसलेला गाळ फोटोत येत नाही.

आपण काय मागतो

आता थोडे आपल्या समाजाशी. आपले लोक नगरसेवकाकडे जातात तेव्हा मागणी ठरलेली असते: कब्रस्तानची संरक्षक भिंत, शादीखाना, ईदच्या आधी मशिदीसमोरचा रस्ता. या मागण्या चुकीच्या नाहीत. पण एवढ्यावर थांबलो की आपण नागरिक राहत नाही, फक्त एक मतदारगट राहतो. कब्रस्तानला भिंत मिळाली आणि जित्या माणसांच्या घरात पूर आला, तर सौदा कोणाच्या फायद्याचा झाला?

याच चांद्याने 1952 च्या पहिल्या लोकसभेत मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली यांना आणि 1971 मध्ये अब्दुल शफी यांना निवडून दिले. मतदारसंघात मुसलमान तेव्हाही थोडेच होते. सगळ्यांचे प्रश्न मांडणारा म्हणून त्यांना सगळ्यांनी मते दिली. अंदाजपत्रकावर, इरईवर, रामाळ्यावर आपण बोलू लागलो तर ती परंपरा पुन्हा चालू होईल.

बोलायचे कुठे? तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, असे 74 वी घटनादुरुस्ती सांगते. 2011 च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या 3,20,379 होती आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महापालिका झाली. 2012 आणि 2017 मध्ये निवडणुका झाल्या. 2022 मध्ये मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. म्हणजे कोट्यवधींचा खर्च होत होता आणि जाब विचारायला निवडून आलेले सभागृहच नव्हते.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा नावाचे गाव आहे. लोकसंख्या पाचशेच्या आसपास, बहुतेक गोंड. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावाने अभ्यासगट चालवला. आधी वाचायचे, समजून घ्यायचे, मग ग्रामसभेत बसायचे आणि सर्वांची सहमती होईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार त्यांनी मिळवला, आणि बांबूच्या पैशाचा हिशेब ग्रामसभेसमोर येऊ लागला. आपण याला मशवरा म्हणतो. कुरआनमध्ये 'शूरा' नावाची एक अख्खी सूरह आहे. मेंढ्याच्या गोंडांनी ती वाचलेली नाही, पण तिच्यावर अंमल आपल्यापेक्षा जास्त केला आहे.

तीन लाखांच्या शहरात सगळ्यांची सहमती होणार नाही, हे मान्य. पण एका मोहल्ल्यात वीस माणसांचा अभ्यासगट होऊ शकतो. महापालिकेचे अंदाजपत्रक मागवायचे, न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा, आणि त्यातल्या आपल्या प्रभागाच्या ओळी मोठ्याने वाचायच्या. खनिज निधीची कामे कोणती, किती पूर्ण झाली, हे विचारायचे. जुम्म्याच्या नमाजनंतर अर्धा तास पुरे आहे. त्यात शेजारच्या बौद्ध विहारातले, महाकाली वॉर्डातले लोकही बोलवावेत, कारण नाली धर्म विचारून तुंबत नाही. पहिल्या बैठकीला सहा माणसे आली तरी चालेल. जमा किती, खर्च किती, बाकी किती, हे तीन शब्द आपल्याच घरातून मराठीत गेले आहेत. ते सभेत उभे राहून विचारायला आपल्याला संकोच का वाटावा?