पायाखालची ओल

जुन्या घरांचा इतिहास लिहिणाऱ्यांची नजर बहुधा कौलारू छपरावर, कोरीव खांबांवर आणि दरवाजांवर खिळते. घरातल्या जमिनीकडे ती क्वचितच वळते. जमीन तुडवली जाते, झिजते, उखडून पुन्हा केली जाते, आणि त्यामुळे तिचा जुना पुरावा सहसा मागे उरत नाही. तरीही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, मुंबईपासून त्रावणकोरपर्यंत, माणसे कशी राहिली आणि कोणाच्या कष्टांवर राहिली हे जाणून घ्यायचे असेल, तर भिंतीपेक्षा जमीनच अधिक बोलकी ठरते.

किनाऱ्यावरील घराचा पहिला प्रश्न ओलीचा. चार महिन्यांचा पाऊस, खारी दमट हवा आणि बांधकामाला मिळणारा जांभा दगड या तिन्ही गोष्टी ओलीच्याच बाजूच्या. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून ते घडवलेले आहे. कारण खाणीतून काढताना मऊ असणारा हा दगड विटांसारखा कापता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. कठीण झाला तरी तो सच्छिद्रच राहतो. भूमीतले पाणी त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, क्षार बरोबर आणते, आणि पाणी उडून गेल्यावर त्या क्षारांचे स्फटिक गिलाव्याचे पोपडे पाडतात. म्हणून जोती उंच बांधली गेली. परंतु जोत्याच्या पोटात भर मातीचीच असे. ओल पूर्णपणे अडवणे जुन्या गवंड्याच्या हाती नव्हते. तिला बाहेर पडण्यासाठी वाट ठेवणे एवढेच त्याला शक्य होते.

ही वाट म्हणजे मातीची भुई. धुमसाने ठोकलेली, चोपून सपाट केलेली आणि शेणाने सारवलेली ही जमीन खालून आलेली ओल आपल्या साऱ्या पृष्ठभागावरून हळूहळू हवेत सोडून देई. भिंतीवर तिचा भार तेवढा कमी पडे. मात्र या व्यवस्थेची किंमत कोणी तरी रोज मोजत होते. शेण गोळा करणे, ते कालवणे, ओणव्याने किंवा गुडघे टेकून हाताने अर्धवर्तुळे ओढीत मागे मागे सरकणे, पोपडा निघाला की तेथे पुन्हा माती लिंपणे, पाऊस सरल्यावर अंगणातले खळे नव्याने करणे, हे काम घरातल्या बायकांचे किंवा मोलाने बोलावलेल्या बायकांचे असे. सारवणाच्या सुबक रेघांचे कौतुक झाले. त्या रेघा ओढणाऱ्या हातांची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही.

सधन घरांनी चुन्याचा कोबा पत्करला. किनाऱ्यावर चुना शिंपल्यांचाच मिळे: शिंपले भट्टीत भाजायचे, चुना विरवायचा, वाळूसह बैलाच्या घाणीत मळायचा आणि विटांच्या चुऱ्यावर घालून मजुरांच्या रांगेने तो दिवसेंदिवस ठोकायचा. त्रावणकोरची जुनी राजधानी पद्मनाभपुरम आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. तेथील राजवाड्याच्या आरशासारख्या काळ्या जमिनीत चुना, करवंट्यांचा कोळसा आणि अंड्यातला पांढरा बलक वापरल्याचे सांगितले जाते. चुन्याची जमीन टणक असली तरी ओलीला तिच्यातून थोडीफार वाट मिळतच होती. कष्ट मात्र घरच्या बाईकडून मजुराकडे गेले होते.

पुढचा पालट कारखान्याने घडवला. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना सुरू केला. जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. धर्मांतरामुळे जातीतून आणि परंपरागत व्यवसायातून बाहेर फेकल्या गेलेल्यांना रोजगार देणे हा मिशनच्या उद्योगांचा एक हेतू होता. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांकाठची चिकणमाती येथे भाजली जाई. कौलांबरोबर फरशीच्या चौकोनी लाद्याही निघू लागल्या आणि घराची जमीन प्रथमच बाजारातून विकत आणण्याची वस्तू झाली. ज्याला समाजाने दाराबाहेर ठेवले, त्याच्या हातची लादी अशा रीतीने घराच्या आत पोहोचली.

उत्तरेकडे हेच काम रेल्वेने केले. मुंबई–रायचूर मार्ग 1871 मध्ये पूर्ण झाला आणि त्या मार्गावरील शहाबादचा करडा चुनखडक मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत विलायती नक्षीदार लाद्या येत होत्या. सिमेंटही आधी बाहेरूनच येई. पोरबंदरच्या कारखान्यात 1914 पासून ते देशात तयार होऊ लागले. 1922 मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी मुंबईत स्वदेशीच्या प्रेरणेने सिमेंटच्या लाद्यांचा उद्योग उभारला. केरळात आणि गोव्यात सिमेंटात तांबडा रंग मिसळून घोटलेल्या गुळगुळीत जमिनी घरोघर झाल्या. ओल्या फडक्याने पुसली की झाले, एवढीच त्यांची निगा. सारवणातून सुटलेल्या कित्येक बायकांच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता.

मात्र ओल कोठेच गेली नव्हती. सिमेंटच्या घट्ट थराने तिची वरची वाट बंद केली, तेव्हा ती जमिनीच्या कडेने भिंतीकडे वळली. जुन्या घरात नवी फरशी बसवल्यावर पुढच्या पावसाळ्यांत भिंतीचा खालचा हातभर पट्टा फुगतो, चुना झडतो, आणि दोष पावसाला किंवा गवंड्याला दिला जातो. मोरबीच्या भट्ट्यांतून येणाऱ्या आजच्या काचेसारख्या लाद्या तर जवळपास पाणी शोषतच नाहीत. दमट हवा त्यांच्या गार पृष्ठभागाला लागली की त्यांना घाम सुटतो. त्यावर उपाय म्हणून भिंतीलाही सिमेंटचा गिलावा चढवला, तर ओल त्याच्या माथ्यापर्यंत चढून तेथून बाहेर पडते.

म्हणून जुन्या घराच्या दुरुस्तीत लादी निवडण्यापूर्वी जोत्याभोवतीचे पाणी दूर नेणे, भराव कोरडा राखणे आणि नव्या जमिनीखाली व सांध्यांत चुना वापरणे हे शहाणपणाचे ठरते. त्याचबरोबर शेणाच्या जमिनीचे गोडवे गाताना ती कोणी सारवायची हेही विचारावे लागते. आज पर्यटकांसाठी बांधलेल्या झोपड्यांत तशी जमीन हौसेने केली जाते आणि बाहेरून आलेला पाहुणा तिच्या गारव्यावर खूश होतो. ती सारवायला मात्र अजूनही बहुधा गावातलीच एखादी बाई येते.