सहावा माणूस आणि कंदाहारचा कप

गेल्या फेब्रुवारीत आम्ही पाच जण पुण्याहून गुलमर्गला स्कीइंगला गेलो. खरं तर सहा जण जाणार होतो. एक्सेल शीट मी बनवली होती. विमान, हॉटेल, गंडोलाची तिकिटं, स्कीचं भाडं, इन्स्ट्रक्टर आणि सगळ्यात खाली टोटल. शीट ग्रुपवर टाकली आणि तासाभराने सहाव्याचा मेसेज आला, "रिलीज आहे रे, तुम्ही जा." रिलीज वगैरे काही नव्हती. आम्ही एकाच टीममध्ये काम करतो, मला माहीत होतं. तरी मी एक रडका इमोजी टाकून मोकळा झालो.

पहिल्याच दिवशी पडून पडून माझा गुडघा सुजला. बाकीचे वर गेले की मी हॉटेलातल्या बुखारीजवळ बसून फोनवर स्कीइंगचा इतिहास वाचायचो. मित्रमंडळी गोळा करून बर्फात सुट्टीला जायचं, ही कल्पना कुणाची, एवढंच शोधायचं होतं. शोधता शोधता पोचलो थेट मद्रासला.

हेन्री लन नावाचा इंग्रज डॉक्टर १८८७ साली मेथडिस्ट मिशनरी म्हणून भारतात आला. इथे तो फार टिकला नाही. पण १८८८ साली त्याचा मुलगा आर्नल्ड मद्रासमध्ये जन्मला. परत गेल्यावर हेन्रीने १८९२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्ड गावात एक परिषद भरवली. वेगवेगळ्या चर्चच्या मंडळींनी एकत्र यावं हा उद्देश. चर्च काही एक झाली नाहीत, पण एवढ्या लोकांची रेल्वे आणि हॉटेलं एकगठ्ठा बुक करता करता त्याचा प्रवासाचा धंदा उभा राहिला. आल्प्समधली बरीचशी हॉटेलं तेव्हा हिवाळ्यात कुलूपबंद असायची. आख्खं हॉटेल भरून देणारा माणूस भेटल्यावर मालकांनी कुलपं काढली.

अडचण वेगळीच होती. खानदानी इंग्रज माणसाला 'टूर कंपनीबरोबर गेलो' म्हणायची लाज वाटायची. मग लनने कंपनीवर क्लबचा मुलामा चढवला. नाव, 'पब्लिक स्कूल्स अल्पाइन स्पोर्ट्स क्लब'. (इंग्लंडात 'पब्लिक स्कूल' म्हणजे आपली झेडपीची शाळा नव्हे. तिथली सगळ्यात महागडी खासगी शाळा.) अशा शाळेतला, जुन्या विद्यापीठातला किंवा लष्करी अधिकारी असाल, तर आत या. हॉटेल फक्त सभासदांसाठी. म्हणजे लन विकत काय होता? बर्फ तर फुकटच पडत होता. बर्फावर आपल्याबरोबर कोण नसेल, याची खात्री तो विकत होता.

या क्लबच्या शर्यतीला कप दिला लॉर्ड रॉबर्ट्स यांनी. रॉबर्ट्स कानपूरला जन्मलेले, हिंदुस्थानातल्या फौजेचे माजी सरसेनापती. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजांचा दारुण पराभव झाला. त्यात मुंबई फौजेच्या देशी पलटणी कापल्या गेल्या. उरलेली फौज कंदाहारच्या किल्ल्यात अडकली. तिला सोडवायला रॉबर्ट्स सुमारे दहा हजार सैनिक घेऊन काबूलहून निघाले आणि तीनशेहून जास्त मैल तीन आठवड्यांच्या आसपास चालून गेले. त्या फौजेत मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता. या विजयावरून त्यांना 'लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार' हा किताब मिळाला आणि तेच नाव जानेवारी १९११ मध्ये स्विस बर्फावरच्या चांदीच्या कपावर गेलं. कप मात्र त्या शिपायांपैकी कुणी खेळू शकेल असा नव्हता.

ती पहिली शर्यत मोंटाना गावाच्या वरच्या हिमनदीवरून सुरू झाली. लिफ्ट नाही, आखलेला उतार नाही. आपापल्या पायांनी वर चढायचं आणि सगळ्यांनी एकदम सुटायचं.

हे सगळं चालवण्यात पुढे होता मद्रासचा आर्नल्ड. १९०९ मध्ये वेल्समधल्या कड्यावरून पडून त्याचा पाय मोडला आणि कायमचा दोनेक इंच आखूड झाला. तो तरीही आयुष्यभर स्कीइंग करत राहिला. माझा गुडघा शेकताना हे वाचून जरा ओशाळायला झालं. १९२२ मध्ये म्युरेन गावात त्याने आजच्यासारखी स्लालम शर्यत घेतली. झाडांमधून वाट काढावी तशा खांबांमधून वळायचं आणि मार्क दिसण्याला नाही, वेळेला. नॉर्वेवाल्यांना हे पटेना. त्यांच्या लेखी खरं स्कीइंग म्हणजे लांब पल्ल्याची दौड आणि उडी. नुसतं उतारावरून खाली येण्यात कसला आलाय पराक्रम? हा वाद वर्षानुवर्षं चालला. १९३१ मध्ये म्युरेनलाच पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिच्यात बायकांच्या शर्यतीही होत्या. १९३६ मध्ये हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला.

आणि मग या, एकेकाळी हिणवलेल्या, उतारवाल्यांनी काय करावं? १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. त्यातून पुढे स्नोबोर्ड आला. तो दिसताच बहुतेक रिसॉर्ट्सनी दारं लावून घेतली. ही पोरं धोकादायक, हे खरं स्कीइंगच नव्हे. भाषा तीच, फक्त बोलणारे बदलले. व्हरमाँटमधल्या स्ट्रॅटनने १९८३ मध्ये दार उघडलं, १९९८ मध्ये नागानोला स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये गेला, पण युटामधलं आल्टा आजही फक्त स्कीवाल्यांना घेतं.

गुलमर्गचीही अशीच सुरुवात. इथला 'स्की क्लब ऑफ इंडिया' १९२७ चा, ब्रिटिश अधिकाऱ्यांचा. नावात इंडिया, एवढंच.

आमचे इन्स्ट्रक्टर चाळिशीचे. रोज सकाळी खालच्या तंगमर्गहून वर येणारे. शेवटच्या दिवशी ते माझा गुडघा बघायला हॉटेलवर आले. मी विचारलं, शिकलात कुठे? म्हणाले, लहानपणी लाकडी फळ्यांना जुने बूट ठोकायचे आणि टुरिस्ट गेले की संध्याकाळी उतारावर पळायचं. दिवसा कुणी येऊ द्यायचं नाही.

तेवढ्यात आमचे चौघं वरून आले. ग्रुप फोटो काढायचा ठरला. मी इन्स्ट्रक्टरांना फोटोत बोलावलं, तर त्यांनी सवयीने फोन घ्यायला हात पुढे केला.

तो फोटो पुण्यातल्या सहाव्याने लगेच लाइक केला. त्यानंतर ऑफिसात आम्ही तिघं-चौघं गुलमर्गचं काही बोलायला लागलो, की तो चहा घेऊन जागेवर जायचा. त्याने काही म्हटलं नाही, मीही नाही. शीट माझी होती. चार हजारांचं हॉटेल असताना नऊ हजारांचं मी निवडलं होतं, कारण तिथून गंडोला दिसत होता.

काल पुढच्या वर्षीसाठी शीटची नवी कॉपी काढली. बजेटचा रकाना रिकामा ठेवला आणि ग्रुपवर टाकायच्या आधी लिंक त्याला एकट्याला पाठवली. खाली लिहिलं, "आकडा तू टाक. गेल्या वेळी मी चुकलो." दोन निळ्या टिका दिसतायत. रकाना अजून रिकामा आहे.