घरातल्या भांडणाचा डॉक्टर कोण? मुंबईतल्या कौटुंबिक समुपदेशनाचा इतिहास

माहुलसारख्या वस्तीत जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हा अनुभव रोज येतो. पेशंट डोकेदुखी, धडधड, अ‍ॅसिडिटी नाहीतर झोप लागत नाही म्हणून येतो. ईसीजी, शुगर, थायरॉईड सगळं नॉर्मल निघतं. बीपीची गोळी वाढवूनही बीपी हटत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतं की घरात नवरा-बायकोचं बोलणं महिनोन्‌महिने बंद आहे, किंवा सासू-सुनेचं पटत नाही, किंवा मुलगा कोणाचंच ऐकत नाही.

अशा वेळी दोन प्रश्न येतात. पेशंट विचारतात, "डॉक्टर, यासाठी कोणाकडे जायचं?" आणि हल्ली कॉलेजातली मुलं विचारतात, "कपल थेरपिस्ट, फॅमिली थेरपिस्ट व्हायचं तर काय शिकायचं?" हा व्यवसाय आपल्याकडे कसा वाढला हे पाहिलं, तर दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात.

आधी फक्त पंच आणि कोर्ट

पूर्वी घरातला तंटा घरातले वडीलधारे मिटवत. नाही मिटला तर जातीचे पंच, आणि त्यापुढे कोर्ट. यात दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेणारं कोणी नसे. मुंबईचा रखमाबाईंचा खटला याचं मोठं उदाहरण. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. 1884 मध्ये नवऱ्याने दावा लावला. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली, पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. लग्न टिकवायचं की माणूस, हा प्रश्न तेव्हा उघडपणे समोर आला. कौटुंबिक समुपदेशनाचा पुढचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

कर्व्यांचं मासिक

र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. 1927 ते 1953 ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. कामजीवनाविषयीच्या ज्या शंका घरात कोणाला विचारता येत नसत, त्या वाचक त्यांना पत्राने विचारत आणि ते मासिकात सरळ उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. कर्वे समुपदेशक नव्हते, पेशाने गणिताचे प्राध्यापक होते. पण संसारातल्या अडचणी लाज न बाळगता जाणकार माणसाला विचारता येतात, हे मराठी माणसाला त्यांनी दाखवून दिलं.

नागपाड्यातून देवनारला

या व्यवसायाचं शिक्षण मात्र 1936 मध्ये सुरू झालं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. टाटा ट्रस्टच्या मदतीने त्यांनी तिथे 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू केलं. समाजकार्याचं रीतसर पदव्युत्तर शिक्षण देणारी ही देशातली पहिली संस्था. 1937 मध्ये तिने मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक काढलं. शाळेत न जाणारं, अंथरूण ओलं करणारं, सतत चिडणारं मूल तिथे आणलं जाई आणि सोशल वर्कर त्याच्या आईवडिलांशीही बोलत, घरची परिस्थिती समजून घेत. मुलाचं दुखणं समजायचं तर घर समजलं पाहिजे, हा फॅमिली थेरपीचा पाया आहे.

1944 मध्ये या संस्थेचं नाव 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झालं आणि 1954 मध्ये ती देवनारला आली. माहुल-चेंबूरच्या लोकांना हा परिसर बसमधून येता-जाता दिसतो. याच सुमारास, 1946 मध्ये, जे. जे. हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर नेमला गेला. हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या घरच्यांशी बोलणारा माणूस हवा, हे मान्य झालं.

परदेशात काय चाललं होतं?

ब्रिटनमध्ये 1938 मध्ये विवाह मार्गदर्शनाची परिषद स्थापन झाली. तिथे प्रशिक्षित स्वयंसेवक जोडप्यांना मदत करत. अमेरिकेत 1950 नंतर नेथन अ‍ॅकरमन, व्हर्जिनिया सटीर, साल्वादोर मिनुचिन यांनी संपूर्ण कुटुंबाला एकत्र बसवून उपचार करण्याची पद्धत विकसित केली. सटीर मूळच्या सोशल वर्कर, मिनुचिन बालमानसोपचारतज्ज्ञ. 1963 मध्ये कॅलिफोर्नियाने या व्यवसायाला वेगळं लायसन्स दिलं. भारतात फक्त कौटुंबिक थेरपीसाठी असं वेगळं लायसन्स आजही नाही, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येईल.

आपल्याकडे कुटुंबाला उपचारात घेण्याची सुरुवात मात्र स्वतंत्रपणे झाली. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं. नातेवाईक उपचार बघत, शिकत आणि पेशंटला घेऊन घरी जात.

पोलीस आणि कोर्ट

महाराष्ट्रात खरी वाढ 1980 च्या दशकात झाली. हुंडाबळी आणि मारहाणीविरुद्ध महिला संघटनांनी आवाज उठवला होता. 1984 मध्ये टाटा इन्स्टिट्यूटने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आत बसून प्रशिक्षित सोशल वर्कर बाईचं म्हणणं ऐकू लागल्या. इथे हेतू वेगळा होता. आधी तिची सुरक्षितता, मग तिला काय हवं ते, आणि समेट झालाच तर त्यानंतर. पुढे शासनाने असे कक्ष राज्यभर नेले.

त्याच वर्षी कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. 1989 मध्ये पुणे आणि मुंबईत ही न्यायालयं सुरू झाली. या कायद्यात न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो आणि त्यासाठी विवाह समुपदेशक असतात. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना त्यामुळे सरकारी नोकरीची एक वाट मिळाली.

व्यसनाने शिकवलेला धडा

1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. दारू एकजण पितो, पण आजारी सगळं घर पडतं. म्हणून तिथे पत्नींनाही उपचारात सामील करून घेतलं गेलं. 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली. अशा कामांमुळे समुपदेशन हा शब्द मध्यमवर्गीय मराठी घरात ओळखीचा झाला.

ज्यांना यात करिअर करायचं आहे

इतिहासातल्या वाटाच आजही करिअरच्या वाटा आहेत:

• समाजकार्य: एमएसडब्ल्यू, त्यातही वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्य. पुढे हॉस्पिटल, कौटुंबिक न्यायालय, विशेष कक्ष, संस्था.
• मानसशास्त्र: एमए, त्यानंतर समुपदेशनाचं प्रशिक्षण. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते.
• वैद्यक: एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, आणि नंतर फॅमिली थेरपीचं प्रशिक्षण.

कुठलीही वाट घेतली तरी अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली केसेस हाताळल्याशिवाय हे काम येत नाही. पदवीनंतर लगेच बोर्ड लावू नका. 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात समुपदेशक आणि सोशल वर्कर यांचाही समावेश आहे, त्यामुळे नियमन हळूहळू येईल.

ज्यांना मदत हवी आहे

वेगळं लायसन्स नसल्यामुळे 'कपल थेरपिस्ट' असा बोर्ड कोणीही लावू शकतो. म्हणून पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा: शिक्षण काय, प्रशिक्षण कुठे घेतलं, आणि आम्ही बोललेलं गुप्त राहील का. चांगला समुपदेशक कोणाची बाजू घेत नाही, निकाल देत नाही आणि एका भेटीत सगळं ठीक करून देतो असंही म्हणत नाही. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने गेलात तरी उपयोग होतो.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. छातीत दुखणं, धडधड हे घरच्या टेन्शनमुळेच आहे असं स्वतः ठरवू नका, आधी तपासून घ्या. आणि घरात मारहाण होत असेल, भीती वाटत असेल, तर दोघांना समोरासमोर बसवणारं समुपदेशन ही पहिली पायरी नाही. मारणाऱ्यासमोर बाई मोकळेपणाने बोलू शकत नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. आधी सुरक्षितता: 112 किंवा महिला हेल्पलाइन 181, जवळचा विशेष कक्ष, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. मनाच्या त्रासासाठी 14416 ही सरकारची टेलि-मानस सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

रखमाबाईंपुढे दोनच पर्याय ठेवले गेले होते, नांदणं किंवा तुरुंग. आज आपल्यापुढे त्यापेक्षा कितीतरी जास्त दारं आहेत. गोळी वाढवून घेण्याआधी त्यातलं एखादं ठोठावून बघा. आणि कुठलं दार आपलं, हे कळत नसेल तर तुमच्या फॅमिली डॉक्टरला मोकळेपणाने विचारा.