कुठला टेम्पो स्वस्त? रेषीय समीकरणांची तुलना मुलांना अशी शिकवता येईल

दहावीचा मुलगा दोन चलांतील रेषीय समीकरणे पाच मिनिटांत सोडवून दाखवतो. एका चलाचा लोप केला, किंमत टाकली, उत्तर आले. त्यालाच ‘दोन टेम्पोवाल्यांपैकी कुणाला बोलवू?’ असे विचारा, की तो मोबाईल काढतो. हा धडा कर्नाटकात एसएसएलसीला आहे आणि महाराष्ट्रात दहावीच्या गणित भाग १ मध्ये पहिलेच प्रकरण आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना अडचण मात्र एकच. समीकरण सुटते, तुलना जमत नाही.

टेम्पोचेच उदाहरण घेऊ. दर समजण्यापुरते धरलेत. पहिला टेम्पोवाला तोंडी सांगतो, ‘गाडी काढायचे ३०० रुपये, पुढे किलोमीटरला २०.’ दुसरा काही सांगत नाही, जुन्या पावत्या पुढे करतो. ८ किलोमीटरला ३५०, १२ किलोमीटरला ४५०, २० किलोमीटरला ६५०. व्यवहारात माहिती अशीच येते, एक तोंडी आणि एक कागदावर. दोन्ही तयार समीकरणे फळ्यावर लिहून दिली, तर अर्धे शिकवणे तिथेच वाया गेले.

इथे मुले ठरलेल्या दोन चुका करतात. काहीजण ३५० ला ८ ने भागून ‘किलोमीटरला पावणेचव्वेचाळीस, फारच महाग’ म्हणून मोकळे होतात. काहीजण पावत्यांतली वाढ पाहतात, आधी १००, मग २००, आणि ‘याचा दर मध्येच वाढतो’ म्हणतात. पहिल्या चुकीत सुरुवातीची ठरलेली रक्कम विसरली जाते. दुसऱ्या चुकीत किलोमीटरमधले अंतर बघायचे राहते, कारण आधी ४ किलोमीटर वाढले आणि नंतर ८. म्हणून मुलांना रुपयांतल्या फरकाला किलोमीटरच्या फरकाने भागायला लावायचे. १०० भागिले ४, २०० भागिले ८, दोन्हीकडे २५. दर सारखाच आहे. आता ८ किलोमीटरचे २०० होतात, ३५० मधून ते वजा केले की राहिले १५०. हीच दुसऱ्याची सुरुवातीची रक्कम.

आता तुलना सरळ होते. पहिल्याचे भाडे ३०० अधिक २० क्ष, दुसऱ्याचे १५० अधिक २५ क्ष. दोन्ही सारखे मांडले की क्ष येतो ३० आणि भाडे ९००. त्याच्या आत दुसरा स्वस्त, पुढे पहिला. खानापूर ते बेळगाव साधारण २६ किलोमीटर, म्हणजे पहिल्याचे ८२०, दुसऱ्याचे ८००. वीस रुपयांसाठी कोणी भांडत नाही. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर धरले तर १८०० आणि २०२५. इथे सव्वादोनशेचा फरक पडतो. ‘कुठला स्वस्त?’ याला ‘किती लांब जायचे?’ हा उलट प्रश्न जो मुलगा विचारतो, त्याला धडा समजला असे धरायला हरकत नाही.

आलेख काढताना दोन्ही रेषा एकाच कागदावर, एकाच प्रमाणात काढून घ्याव्यात. वेगळ्या कागदांवर प्रमाण बदलले की कमी दराची रेषासुद्धा जास्त उभी दिसते, आणि मुले डोळ्यावर विश्वास ठेवतात. आम्ही बी.कॉम.ला स्थिर खर्च आणि बदलता खर्च पाठ केला. तो म्हणजे हाच छेद आणि हाच चढ, हे तेव्हा कुणी सांगितले नाही.

उतरती रेषाही एकदा दाखवावी. एका घरची टाकी १००० लिटरची, रोजचा वापर १२०. शेजारी ७५० लिटर, वापर ७०. पाचव्या दिवसाअखेर दोघांकडे ४०० लिटर उरते. आठव्या दिवसाअखेर मोठ्या टाकीत ४० आणि लहान टाकीत १९०. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गल्लीतल्या मुलांना हे लगेच पटते.

पण खरी गरज कर्जाच्या वेळी लागते. दहा हजार रुपये हवेत. एकजण महिन्याला शेकडा १ टक्का सरळव्याज घेतो, पण कागदपत्रांचे ६०० आधीच कापतो. दुसरा ‘फी काही नाही’ म्हणतो आणि शेकडा २ लावतो. मुद्दल दोन्हीकडे शेवटी एकदम फेडायची. सहा महिन्यांनी दोघांचा खर्च १२०० होतो. तीन महिन्यांत फेडणार असाल तर दुसरा बरा, कारण ९०० च्या जागी ६०० जातात. वर्षभर लांबले तर पहिल्याचे १८०० आणि दुसऱ्याचे २४००. ‘फी नाही’ एवढे ऐकून सही करणारी घरे आपल्या आसपास कमी नाहीत. हे गणित वर्गात घालताना परतफेडीची मुदत मुद्दाम सांगू नये, मुलांना ती विचारू द्यावी.

एक खबरदारी घ्यावी. चक्रवाढ व्याज किंवा हप्त्यागणिक मुद्दल कमी होणारे कर्ज या रेषेत बसत नाही. तिथे दर महिन्याची वाढ सारखी राहत नाही. मुलांकडून चार महिन्यांचे आकडे काढून घेतले, तर त्यातला फरक बघून ते त्यांनाच ओळखता येते.